नैरोबी-अरुषाच्या साध्या होटेलीत जेवायचंय? भिंतीवरची पाटी सोडा, चुलीवरचं पातेलं बघा

प्रश्न एका ताईंचा आहे. कंपनीच्या कामाला दोन महिने केनियात नैरोबी आणि मग महिनाभर टांझानियात अरुषा, अंडं चालतं पण मांस-मच्छी नाही, रोज इंडियन रेस्टॉरंट खिशाला परवडणार नाही आणि ऑफिसातले लोक दुपारी जवळच्या साध्या हॉटेलात जेवतात, तर त्यांच्याबरोबर जाऊन काय मागवायचं, मांसाचं काही चुकून पोटात जाणार नाही ना, पोट बिघडेल का, आणि एकटीनं गेलं तर चालतं का.

ताई, मी डाळीच्या धंद्यात आहे, तूर आणि मूग घ्यायला केनिया-टांझानियात फिरतो त्याला आता १७ वर्षं होतील. मूग-तूर पिकते ती मकुएनी, किटुई, माचाकोस या भागात आणि टांझानियात बाबाटी, कोंडोआकडं, तिथं टेबलावर पांढरी चादर असलेलं रेस्टॉरंट कुठून असणार, त्यामुळं माझं बहुतेक जेवण पत्र्याच्या छपराखालीच झालंय. माझा भागीदार जालन्याचा, पक्का शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्याच्यासाठी मागवता मागवता मी हे सगळं शिकलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तिकडं स्वाहिलीत 'होटेली' म्हणजे आपल्यासारखंच, खायचं हॉटेल. आपण कसं म्हणतो चल हॉटेलात मिसळ खाऊ, राहायचा संबंध नाही, अगदी तसं. त्याहून लहान, लाकडी फळ्या आणि पत्र्याची टपरी असेल तर ती किबांडा, आणि टांझानियात बायका पातेली घेऊन जेवण वाढतात त्यांना मामा न्तिलिए म्हणतात, म्हणजे 'आई, मलाही वाढ'. हे नावच मला फार आवडतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुरीच्या हंगामाला मकुएनीत बाजाराजवळच्या एका होटेलीत बसलो, भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेली लांबलचक यादी, पंचवीस-तीस पदार्थ. मी वरून सुरुवात केली. मुकिमो? "इमेइशा", संपलं. पिलाऊ? "हाकुना", नाही. चापाती? "बाडो", अजून व्हायचीय. पाच-सहा वेळा असं झालं, भागीदार भुकेनं कासावीस, आणि ती बाई बिचारी प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे उत्तर देतेय. शेवटी आमचा दलाल, तिथल्या कांबा जमातीचा माणूस, तो म्हणाला पाटीवरचं वाचू नकोस रे, तिला विचार "कुना निनी लेओ?" म्हणजे आज काय आहे. विचारलं तर तिनं पटकन सांगितलं, मुथोकोई, न्देंगू, सुकुमा, उगाली. दोन मिनिटात ताटं समोर. त्या दिवसापासून मी पाटी वाचायचं सोडलं. पाटी म्हणजे ते हॉटेल वर्षभरात काय काय करू शकतं त्याची यादी, आजचं जेवण पातेल्यात असतं. तुम्ही फक्त ही एक सवय लावून घेतलीत तरी अर्धं काम झालं, कारण जे आज सकाळी शिजलंय, गरम आहे, ज्याच्यावर लोक तुटून पडलेत तेच तुमच्या पोटाला सगळ्यात सेफ.

वेळ पण सांभाळा. साडेबारा ते दीड या वेळात जा, पातेलं तेव्हाच उतरलेलं असतं. तीनला गेलात तर तळाशी राहिलेलं मिळणार. आणि हो, स्वाहिली घड्याळ सहा तासांनी वेगळं चालतं, सकाळी सातला ते 'पहिला तास' धरतात, म्हणजे कुणी "सा सिता" म्हणालं तर शब्दशः सहा, पण अर्थ दुपारचे बारा, "सा साबा" म्हणजे एक. नैरोबीत इंग्रजीत बोलतील तेव्हा नेहमीचंच घड्याळ, पण अरुषात मामा सांगते तेव्हा हे लक्षात ठेवा, नाहीतर जेवायच्या वेळेचा घोळ होतो.

काय खायचं. तुम्हाला खरं तर मजा येणार आहे, कारण गरीब माणसाचं तिकडचं जेवण बरंचसं कडधान्य आणि पालेभाजीच आहे, मांस महाग. न्देंगू म्हणजे आपले मूग, अख्खे, कांदा-टोमॅटोत घट्टसर शिजवलेले, कधी बटाटा-गाजर घालून. चव सौम्य, फोडणीला मोहरी-हिंग नाही, पण दाणा ताजा असतो (हे मी व्यापारी म्हणून सांगतो, किटुईचा मूग चांगला असतो). माहारागे म्हणजे राजम्याच्या जातीचे घेवडे, केनियात माहाराग्वे म्हणतात आणि नैरोबीच्या पोरांच्या बोलीत मादोंडो. चापाती-मादोंडो हे तिकडचं वडापावासारखं आहे, शाळकरी पोरापासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळे खातात.

चापातीबद्दल थोडं थांबतो. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत ब्रिटिशांनी रेल्वे टाकली, १८९६ ते १९०१, त्यासाठी हिंदुस्थानातून ३० हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबातले, आणि रुळांमागोमाग दुकानदार गेले, बरेचसे गुजराती. दुकानाला तिकडं 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', कचुंबरला 'कचुंबारी' हे ऐकलं की आपलेच शब्द वाटतात. चापातीही आपल्याकडूनच गेली, पण ती आता पूर्णपणे त्यांची झालीय. मैद्याची, जाड, तेल लावून गुंडाळी करून परत लाटलेली, पापुद्रे सुटणारी, तव्यावर तेल सोडून भाजलेली. आपल्या घडीच्या पोळीची अपेक्षा ठेवून खाल्लीत तर जड वाटेल, तिला वेगळा पदार्थ म्हणून खा. आणि एक माहीत असू द्या, खेड्यातल्या घरांत चापाती हे बराच काळ सणाचं जेवण होतं, ख्रिसमसला मुलं वाट बघायची चापातीची. आजही कुणी सहकारी म्हणाला की चल तुला आज चापो खायला घालतो तर त्यात प्रेम आहे, नाही म्हणू नका.

उगाली. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी पळीनं घोटून घोटून केलेला घट्ट गोळा, मोदकाच्या उकडीपेक्षाही घट्ट, मीठ नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना बेचव वाटते. तिला एकटी खायची नसते, उजव्या हातानं लहान गोळा तोडा, बोटांत दाबून अंगठ्यानं खळगा करा आणि त्यानं भाजी उचला, भाकरीचा तुकडा करतो तसंच. हातानं जेवता आलं की आपल्या माणसाला तिथं परकं वाटतच नाही. बरोबर सुकुमा विकी, कोबीच्या कुळातली पण गड्डा न धरणारी पालेभाजी, केसासारखी बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परतलेली, नावाचा अर्थ 'आठवडा ढकल', म्हणजे पगारापर्यंत आठवडा निभावून नेणारी. सुकुमाचा कंटाळा आला तर विचारा तेरेरे आहे का, तो आपला माठ, टांझानियात त्याला म्चिचा म्हणतात. कुंदे म्हणजे चवळीचा पाला. मानागू म्हणजे आपल्याकडं रानात कामोणी येते ना त्या जातीचा पाला, किंचित कडू, मला स्वतःला सगळ्यात आवडतो. ॲव्होकाडोची फोड मागा, तिकडं ती भाजीवाल्याकडं स्वस्तात मिळते, उगाली-सुकुमा आणि पिकलेला ॲव्होकाडो हे जेवण मी कुठल्याही हॉटेलातल्या थाळीच्या बरोबरीनं धरतो.

गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, किकुयू लोकांचं जेवण. नैरोबी १७०० मीटरच्या वर आहे, तिथं पाणी शंभर डिग्रीच्या आधीच उकळतं म्हणून कडधान्य शिजायला वेळ लागतो, कोळशाच्या शेगडीवर, तिला जिको म्हणतात, तासन्‌तास रटरटत ठेवतात. काही जण लवकर मऊ व्हावं म्हणून मागाडी टाकतात, मागाडी सरोवरातला खार, आपल्या पापडखाराच्या नात्यातला. जास्त पडला तर चवीत साबणासारखा कळतो आणि पोटात गुबारा धरतो, तसं वाटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडं जा. मुथोकोई म्हणजे कांबा लोकांचं, मक्याची वरची साल कांडून काढलेली आणि घेवडा किंवा तूर घालून शिजवलेला. त्यांच्या भाषेत तूर म्हणजे न्झू. ओल्या तुरीचे दाणे, आपल्या विदर्भात सोले म्हणतात ते, तिकडं लोक हंगामात नुसते उकडून खातात. मी आयुष्यभर तुरीचा भाव क्विंटलमध्ये मोजला, पण तूर अशी पेरूसारखी खाताना तिकडं बघितली. आणि कधी मोंबासाला गेलात तर सकाळी म्बाझी आणि माहाम्री खाच, म्हणजे नारळाच्या दुधातली अख्खी तूर आणि वेलदोडा घातलेली तळलेली फुगीर पुरी, कोकणातल्या माणसाला तर डोळ्यांत पाणी येईल इतकं घरचं वाटतं.

न्याहारीला उजी मागा. नाचणीच्या पिठाची, त्याला विंबी म्हणतात, बऱ्याच ठिकाणी आंबवलेली. ही आपली आंबीलच, फक्त साखर घालून गोड देतात, नको असेल तर आधीच सांगा. न्दुमा लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत त्याला ॲरोरूट म्हणतात, घाबरू नका, ते आपल्या अरवीच्या जातीचे कंद, उकडलेले. रताळीही उकडून मिळतात. उपास करत असाल तर याच दोन गोष्टी आणि केळी, दूध.

आता मांस चुकून येण्याचं, इथं खरी काळजी घ्यायची. 'न्यामा' म्हणजे मांस, पण बोलण्यात न्यामा म्हणजे बहुतेक वेळा बीफ-मटण. तुम्ही नुसतं "सिली न्यामा", मी मांस खात नाही, म्हणालात तर माणूस अगदी चांगल्या मनानं चिकन आणून ठेवतो. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा, "सिली न्यामा, हाता कुकू, हाता सामाकी", कोंबडी पण नाही, मासे पण नाही. आणि त्याच्यापुढं विचारा की भाजीत "म्चुझी वा न्यामा" आहे का, म्हणजे मांसाचा रस्सा. कारण त्यांच्या हिशेबानं तुकडा काढून टाकला की झालं शाकाहारी. आमच्याबरोबर एकदा हेच झालं, हमरस्त्यावरच्या एका होटेलीत घेवडा मागवला, बाईनं सुके वाटले म्हणून प्रेमानं वरून एक पळी बीफचा रस्सा घातला. भागीदारानं पहिला घास घेतला आणि त्याला कळलं. तो त्या दिवशी परत जेवला नाही, मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण बोलणं माझ्याकडं होतं आणि मी अर्धंच सांगितलं होतं.

पिलाऊ बघून मोह होतो, दालचिनी-लवंगेचा वास आपल्यासारखाच, पण तांदूळ बहुतेक ठिकाणी मांसाच्या पाण्यातच शिजतो, त्यामुळं तुम्हाला तो नाही. सामोसा, सांबुसा म्हणजे न विचारता खिमा समजा. तयार मसाला पावडर वापरतात त्यात बीफ फ्लेवरची असते, इतकं कडक पाळायचं असेल तर साध्या उगाली-सुकुमा-ॲव्होकाडोवर राहा किंवा पार्कलँड्स, न्गारा भागात गुजराती शाकाहारी हॉटेलं आहेत तिथं जा. मांदाझी, म्हणजे गोडसर तळलेला मैद्याचा तुकडा, चहाबरोबर. भाजिया म्हणजे बटाट्याचे काप बेसनात, बिनधास्त. अंडं खाता म्हणून अरुषात चिप्सी मायाई तुमच्यासाठी वरदान, तळलेल्या बटाट्यांवर अंडी फोडून केलेलं जाड आम्लेट, समोर करतात, गरम मिळतं, रात्री उशिरापर्यंत.

सहकारी शुक्रवारी न्यामा चोमाला, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस खायला, नेतील, तेव्हा जायला हरकत नाही. तिथं पुढं खाटकाचं दुकान, काचेमागं बोकड टांगलेला, त्यावर तपासणीचा शिक्का, लोक किलोवर तुकडा निवडतात, तो आत निखाऱ्यावर जातो आणि मग पाऊण-एक तास गप्पा. लाकडी फळीवर कापून मीठ आणि कचुंबारीबरोबर येतो. तुम्ही उगाली, सुकुमा, भाजलेलं मक्याचं कणीस आधीच सांगून ठेवा. वास आणि टांगलेलं जनावर सहन होत नसेल तर स्पष्ट सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण संध्याकाळी या जागा बिअर बारच असतात, एकटीनं जाऊ नका. दुपारच्या होटेलीत मात्र एकटी बाई जेवणं हे अगदी रोजचं दृश्य आहे, ऑफिसातल्या बायका, नर्स, शिक्षिका सगळ्या येतात.

पोटाचं विचारलंत. मी आजारी पडलो तो दोनदाच आणि दोन्ही वेळा कच्च्यानं, एकदा कापून ठेवलेलं कलिंगड, एकदा कचुंबारी. शिजलेल्यानं कधी नाही. म्हणून पहिला आठवडा कचुंबारी आणि कापलेली फळं बंद, रस नको, पाणी सीलबंद बाटलीचं. तहान लागली तर चहा घ्या, चाय या माझीवा, दूध-पाणी-चहा एकत्र उकळलेला, आपल्यासारखाच पण पातळ, आलं हवं तर "तांगाविझी" म्हणा. हात धुवायला दाराशी नळ आणि साबण असतो, काही ठिकाणी जग आणि घंगाळ घेऊन हातावर कोमट पाणी घालतात, जेवणाआधी आणि नंतरही. ताट जवळजवळ तुडुंब भरून देतात, भूक कमी असेल तर "नुसू" म्हणजे अर्धं सांगा. रस्सा कमी पडला तर "नियोंगेझेए सुपू या माहाराग्वे", घेवड्याचा रस्सा थोडा वाढा, बहुतेक ठिकाणी फुकट, फक्त माहाराग्वे शब्द गाळू नका, नुसतं सुपू म्हणजे हाडांचा रस्सा पण होतो.

पैसे. साध्या होटेलीत दोन चापात्या आणि न्देंगू शंभर-दीडशे केनियन शिलिंगात होतं, शहराच्या मध्यावर थोडं जास्त. केनियात टपरीवाला पण एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे, घेतो, २००७ पासून आहे ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. पासपोर्टवर सिम घेऊन चालू करता येतं, पहिल्याच दिवशी करा. भिंतीवर टिल नंबर, म्हणजे दुकानाचा पैसे घ्यायचा नंबर, लिहिलेला असतो, पैसे गेल्याचा मेसेज दाखवला की काम झालं. अरुषात मामाकडं मात्र सुटी कॅश ठेवा, मोठी नोट दिली की ती शेजारी-पाजारी सुटे शोधत फिरते.

अरुषात एक मोठा फरक आहे, तो बोलण्याचा. नैरोबीत गडबड असते, "चापो बिली, न्देंगू मोजा", दोन चापात्या एक मूग, असं ओरडलं तरी चालतं. टांझानियात आधी विचारपूस. वयानं मोठी बाई असेल तर "शिकामू" म्हणा, ती "माराहाबा" म्हणेल, मग "नाओंबा वाली ना माहारागे", नाओंबा म्हणजे विनंती करते. वाली म्हणजे भात. ताटात भात, घेवडा, म्चिचा आणि बाजूला बहुतेक एक केळं. न भेटता-बोलता नुसतं 'दे' म्हटलं तर वाढतील, पण तोंड उतरतं, मी पाहिलंय. रिकामा बाक नसेल तर अनोळखी माणसाच्या समोर बसायचं, तो जेवत असेल तर तुम्हाला "कारिबू" म्हणेल. म्हणजे या जेवायला. आपण म्हणतो तसंच, आणि तसंच मनापासून. तुम्ही "असांते" म्हणायचं आणि आपलं ताट मागवायचं.

लोणचं-चटणी न्यावी का असं शेवटी विचारलंय, न्याच. जेवण सौम्य असतं, पिलीपिली म्हणजे मिरचीचा सॉस टेबलावर असतो पण त्यात आंबटपणाच जास्त. मी शेंगदाण्याची आणि लसणाची सुकी चटणी छोट्या डब्यात बॅगेत ठेवतो, उगालीवर घेतली की काम भागतं. डबा उघडलात की शेजारचा हात पुढं करणारच, त्याला आधी सांगा की काली साना, खूप तिखट आहे, आणि मग द्या. बाबाटीच्या एका मामाला मी दरवर्षी लसणाच्या चटणीचं पाकीट नेतो, ती ते घेवड्यात घालते आणि गिऱ्हाइकांना सांगते की हे मुहिंदीनं, म्हणजे हिंदुस्थानी माणसानं, आणलंय.